पस्तीस सेंटचा सिनेटर : अमेरिकेतल्या निवडणूक-बाजाराचा भाव कसा वाचायचा

अमेरिकी बातम्या बघणाऱ्यांना अलीकडे एक नवी टक्केवारी भेटू लागली आहे. पूर्वी उमेदवाराच्या नावापुढे जनमत चाचणीचा आकडा असायचा. आता त्याच्या शेजारी, कधी कधी त्याच्या जागीच, एका बाजारातला भाव असतो. डिसेंबर २०२५ मध्ये सीएनएन आणि सीएनबीसी या दोन्ही वाहिन्यांनी कालशी या कंपनीशी करार केले. निवडणुकीसारख्या घटनांच्या निकालावर लोकांना आपसांत पैसे लावू देणारी ही कंपनी, आणि पॉलिमार्केट ही तशीच दुसरी. त्याच्या आदल्या महिन्यात गूगलने आपल्या फायनान्सच्या पानावर कालशी आणि पॉलिमार्केट या दोघांचे आकडे दाखवायचं जाहीर केलं होतं. डॅलसचा भाचा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमुक ६२ टक्के’ असा स्क्रीनशॉट टाकतो, तो बहुतेक वेळा इथलाच असतो.

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर असा पैसा लागतो हे २०२४ नंतर बऱ्याच जणांना ठाऊक झालं. पण हे बाजार तिथे थांबले नाहीत. गव्हर्नर, महापौर असं करत ते राज्याच्या सिनेटमधल्या एकेका जागेपर्यंत उतरले. पडद्यावर तो आकडा तसाच दिसतो, तेवढ्याच ठळक अक्षरात, पुढे तेच टक्क्याचं चिन्ह. त्याच्यामागे किती माणसं आणि किती पैसा उभा आहे, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी उलाढाल बघा, मग भाव.

राज्याचं सिनेट म्हणजे काय?

अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये बसणारं सिनेट वेगळं आणि प्रत्येक राज्याचं आपापलं सिनेट वेगळं. नेब्रास्का सोडलं तर ४९ राज्यांत विधिमंडळाची दोन सभागृहं आहेत, आणि त्यातलं वरचं ते राज्य सिनेट. आपल्या विधान परिषदेच्या जागी ते कल्पता येईल, पण तिथले सगळे सदस्य थेट मतदारांनी निवडलेले असतात. पदवीधर, शिक्षक, राज्यपालनियुक्त अशी भानगड नाही.

उदाहरणासाठी टेक्सास घेऊ. तिथे सिनेटच्या ३१ जागा आहेत आणि एका जागेमागे साधारण ९ लाख ४० हजार लोकसंख्या येते. म्हणजे टेक्सासचा राज्य सिनेटर हा वॉशिंग्टनला जाणाऱ्या तिथल्या खासदारापेक्षा जास्त लोकांचं प्रतिनिधित्व करतो. त्याचा पगार महिन्याला ६०० डॉलर, आणि नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं. एवढा मोठा मतदारसंघ असूनही या निवडणुकांकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. मोठ्या संस्था अशा एका जागेसाठी सहसा चाचण्या घेत नाहीत. मतदान कमी होतं, पोटनिवडणुकीत तर फारच कमी.

अशीच एक पोटनिवडणूक आपण या लेखभर सोबत ठेवू. फोर्ट वर्थ शहर ज्या टॅरंट काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे, तिथली सिनेटची ९ क्रमांकाची जागा. रिपब्लिकन सिनेटर केली हॅन्कॉक २०२५ मध्ये राज्याच्या वित्त खात्यात गेले आणि जागा रिकामी झाली. २०२४ मध्ये याच मतदारसंघात ट्रम्प १७ टक्क्यांनी पुढे होते. ४ नोव्हेंबर २०२५ ला पहिली फेरी झाली. डेमोक्रॅट टेलर रेहमेट यांना ४७ टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली. दोन रिपब्लिकन उमेदवारांमध्ये उरलेली विभागली गेली आणि त्यातल्या ली वॅम्सगान्स दुसऱ्या आल्या. कुणालाच ५० टक्के ओलांडता आले नाहीत, म्हणून ३१ जानेवारी २०२६ ला पहिल्या दोघांत पुन्हा लढत ठरली. निकाल पुढे सांगतो.

भाव म्हणजेच टक्केवारी कशी?

प्रेडिक्शन मार्केट म्हणजे भविष्यातल्या एखाद्या घटनेवरचे ‘हो’ आणि ‘नाही’ असे करार जिथे विकले-घेतले जातात तो बाजार. प्रश्न असा असतो : ‘टेक्सास सिनेट ९ ची जागा डेमोक्रॅटिक पक्ष जिंकेल का?’ जिंकला तर ‘हो’च्या प्रत्येक करारामागे १ डॉलर मिळतो, ‘नाही’वाल्याला शून्य. हरला तर उलट. १ डॉलर म्हणजे १०० सेंट, त्यामुळे भाव १ ते ९९ सेंटच्या मध्येच फिरतो.

समजा ‘हो’ ३५ सेंटला मिळतोय. तुम्ही १०० करार घेतलेत तर खिशातून ३५ डॉलर गेले. उमेदवार जिंकला तर १०० डॉलर हातात, म्हणजे ६५ चा फायदा. हरला तर ३५ गेले. तुम्हाला त्याची जिंकण्याची शक्यता ३५ टक्क्यांहून जास्त वाटत असेल तरच हा सौदा घेण्यात अर्थ आहे. कमी वाटत असेल तर तुम्ही ‘नाही’ ६५ सेंटला घ्याल. असे दोन्ही बाजूंचे लोक ज्या आकड्याशी येऊन थांबतात, तो आकडा शक्यता म्हणून वाचला जातो. ३५ सेंट म्हणजे ३५ टक्के. यात दुसरं गूढ काही नाही.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव ठरतो तो असाच. समितीचा सचिव खुर्चीत बसून भाव लिहीत नाही. ट्रॅक्टर उभा राहतो, व्यापारी बोली लावतात, आणि शेवटची बोली हाच त्या ट्रॉलीचा भाव. राजस्थानात पाऊस झाल्याचं एकाला कळलेलं असतं, निर्यातीबद्दल दुसऱ्याला कुणकुण असते, तिसऱ्याची चाळ आधीच भरलेली असते. हे सगळं कुणी कुणाला सांगत नाही, तरी भावात उतरतं. निवडणूक-बाजाराचे समर्थक नेमकं हेच म्हणतात : विखुरलेली माहिती एका आकड्यात गोळा होते, आणि पैसा लावलेला असल्याने माणूस उगाच फेकत नाही.

ही लासलगावची गोष्ट अर्धीच आहे. उरलेली थोड्या वेळाने.

हा जुगारच ना?

पहिली शंका हीच येते आणि ती रास्त आहे. बुकीकडे पैसे लावले तर दर तो ठरवतो आणि तुम्ही जिंकलात तर पैसे त्याच्या खिशातून जातात. इथे समोर दुसरा सौदेवाला असतो. कंपनी फक्त जागा पुरवते आणि शुल्क घेते. कालशीचं सर्वसाधारण शुल्क ५० सेंटच्या आसपासच्या करारावर सगळ्यात जास्त, पावणेदोन सेंटच्या घरात, आणि दोन्ही टोकांकडे कमी होत जातं. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा, वर शुल्क. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर बाजारातले लोक थोडे तोट्यातच असतात.

अमेरिकी कायद्यात हे करार ‘वायदे’ या सदरात मोडतात. गहू, तेल, सोनं यांच्या वायद्यांवर देखरेख ठेवणारी सीएफटीसी ही केंद्रीय संस्थाच यांच्यावरही लक्ष ठेवते. २०१० च्या एका कायद्याने युद्ध, दहशतवाद, हत्या, जुगार अशा विषयांवरचे करार लोकहिताविरुद्ध वाटले तर रोखण्याचा अधिकार तिला दिला. त्याच आधारावर सीएफटीसीने सप्टेंबर २०२३ मध्ये कालशीला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीवरचे करार नाकारले. कालशी कोर्टात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश जिया कॉब यांनी निकाल दिला की निवडणूक हा ‘जुगार’ नाही, त्यामुळे तो नियम इथे लागत नाही. वरच्या कोर्टाने ऑक्टोबरमध्ये स्थगिती नाकारली, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाला जेमतेम महिना उरला असताना दार उघडलं. मे २०२५ मध्ये सीएफटीसीने आपलं अपीलही सोडून दिलं. डोनाल्ड ट्रम्प ज्युनियर हे तोवर कालशीचे सल्लागार झाले होते, आणि नंतर त्यांच्या गुंतवणूक कंपनीचा पैसा पॉलिमार्केटमध्येही गेला, हेही इथेच नोंदवलेलं बरं.

गंमत राज्यांच्या कायद्यांत आहे. ज्या टेक्सासच्या जागेबद्दल आपण बोलतोय, त्याच टेक्सासच्या दंड संहितेत निवडणुकीच्या निकालावर पैज लावणं हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. न्यूयॉर्कचा कायदा तर म्हणतो की ज्याने निवडणुकीच्या निकालावर पैज लावली, त्याला त्या निवडणुकीत मतच देता येणार नाही. कंपन्यांचं म्हणणं, आमचं नियमन केंद्र करतं, राज्यांचे जुगाराचे कायदे आम्हाला लागत नाहीत. या मुद्द्यावर नेवाडा, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांशी कालशीचे खटले झाले, बहुतेक खेळांवरच्या करारांवरून.

एक युक्तिवाद मात्र मला या पातळीवर अजिबात पटत नाही. समर्थक सांगतात की हा विम्यासारखा उपयोगी प्रकार आहे, निकालाने ज्याच्या धंद्याला धक्का बसेल तो आधीच करार घेऊन नुकसान भरून काढू शकतो. राष्ट्राध्यक्ष कोण यावरून आयातकराचं गणित बदलतं, तिथे हे एक वेळ मान्य. टॅरंट काउंटीतल्या एका जागेवरून कुणाच्या धंद्याचं नेमकं किती नुकसान होणार, आणि ते भरून निघेल एवढा माल या बाजारात मिळणार कुठे?

चाचणीपेक्षा बाजार बरोबर निघतो, हे खरं का?

मोठ्या निवडणुकांत बऱ्याचदा हो. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये संशोधनासाठी एक छोटा बाजार सुरू केला. त्यात एका माणसाला जास्तीत जास्त ५०० डॉलर घालता येतात. या बाजाराचे अंदाज अनेकदा चाचण्यांच्या तोडीचे किंवा त्यांच्याहून चांगले निघाले, आणि या साऱ्या प्रकाराला विद्वानांची मान्यता मिळाली ती तिथून. त्याआधीही हे नवीन नव्हतं : १८६८ ते १९४० या काळात न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या आजूबाजूला राष्ट्राध्यक्षपदावर उघड सौदे होत आणि वर्तमानपत्रं ते भाव छापत. शास्त्रशुद्ध जनमत चाचण्या १९३० च्या दशकात आल्या, तोवर लोकांना अंदाज घ्यायला याहून बरं काही नव्हतं.

२०२४ मध्ये पॉलिमार्केटवर एकट्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रश्नावर ३.६ अब्ज डॉलरहून जास्त उलाढाल झाली. चाचण्या बरोबरीची लढत दाखवत होत्या, बाजार ट्रम्प यांना ६० टक्क्यांच्या आसपास देत होता. ट्रम्प जिंकले आणि बाजारवाल्यांची कॉलर ताठ झाली. त्या भावाला जोर देणाऱ्यांत ‘तेओ’ या टोपणनावाने ओळखला जाणारा एक फ्रेंच माणूस होता. त्याने स्वतःच्या पैशाने चाचणी करून घेतली होती, आणि तिच्यात लोकांना ‘तुम्ही कुणाला मत देणार’ असं न विचारता ‘तुमचे शेजारी कुणाला देतील’ असं विचारलं. त्याने सुमारे साडेआठ कोटी डॉलर कमावले असं सांगितलं जातं. बाजाराची बाजू मांडायला याहून चांगला दाखला मिळणार नाही : कुणाकडे तरी खरी नवी माहिती होती, आणि पैशाच्या आशेने ती बाहेर आली.

पण २०१६ मध्ये अशाच बाजारांत हिलरी क्लिंटन यांचं पारडं ठळक जड होतं. २०२२ मध्ये वॉशिंग्टनचं सिनेट रिपब्लिकनांकडे जाईल असा भाव होता. ते डेमोक्रॅट्सकडे राहिलं. आणि आपल्याकडे ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू होताच जवळपास ४,४०० अंकांनी कोसळला. पैसा लावला म्हणून माणूस शहाणा होतोच असं नाही. पैसा लावणारे सगळे एकच बातमी वाचत असतील तर सगळे मिळून चुकतात.

छोट्या निवडणुकीत नेमकं काय बिघडतं?

आता लासलगावची उरलेली गोष्ट. तोच कांदा एखाद्या आडगावच्या आठवडी बाजारात नेला. दोन व्यापारी आलेत, त्यातला एक निघायच्या घाईत. तिथेही भाव निघेल आणि पाटीवर लिहिलाही जाईल. पण त्या भावावरून देशातल्या कांद्याची स्थिती कुणी सांगू लागलं तर आपण हसू.

राज्य सिनेटच्या जागेवरचा बाजार बहुतेक वेळा असा आठवडी बाजार असतो. मोठ्या बाजारात विकणारा ३६ मागतो आणि घेणारा ३५ देतो, मधलं अंतर एका सेंटचं. छोट्या बाजारात घेणारा २८ म्हणतो, विकणारा ४१ मागतो आणि मध्ये कुणीच नसतं. मग पडद्यावर टक्केवारी कुठली दाखवायची? पॉलिमार्केटची पद्धत अशी, की अंतर कमी असेल तर दोन्हींच्या मधला आकडा. १० सेंटहून जास्त असेल तर शेवटच्या सौद्याचा भाव. तो शेवटचा सौदा काल रात्री, कुणीतरी २० डॉलरला केलेला असू शकतो. स्क्रीनशॉटमध्ये मात्र फक्त ‘३५%’ येतं.

दुसरी अडचण अशी, की चुकलेला भाव दुरुस्त करायला कुणी येत नाही. मोठ्या बाजारात भाव चुकला की हुशार सौदेवाला लगेच हात मारतो, कारण त्यात लाखो डॉलर सुटतात. इथे पूर्ण बरोबर निघूनही दोनशे-तीनशे डॉलर सुटणार असतील, तर टॅरंट काउंटीच्या बूथवार मतदानाचा अभ्यास करत चार रात्री कोण घालवेल?

तिसरी गोष्ट अडकून पडलेल्या पैशाची. समजा एका सुरक्षित जागेवर हरणाऱ्या पक्षाचा ‘हो’ ६ सेंटला आहे, आणि तुम्हाला खात्री आहे की त्याची शक्यता १ टक्काच आहे. ‘नाही’ घ्यायला ९४ सेंट घालावे लागतात, निकालापर्यंत सहा महिने ते अडकतात आणि मिळतात सहा सेंट. त्यातला काही भाग बँकेच्या ठेवीतून बिनधोक सुटतो, मग कुणी त्या फंदात पडत नाही. म्हणून टोकाचे भाव, ५-६ टक्क्यांचे, बरेचदा उगाच फुगलेले राहतात. ‘याला सहा टक्के चान्स आहे’ असं वाचून आशेवर राहू नये.

मग टेक्सासमध्ये काय झालं?

पहिल्या फेरीनंतरचं सरळ गणित असं होतं : दोन्ही रिपब्लिकन उमेदवारांची मतं एकत्र केली तर ५२ टक्क्यांच्या वर जातात. मतदारसंघ ट्रम्प यांचा, वॅम्सगान्स यांना ट्रम्प यांचा जाहीर पाठिंबा, आणि त्यांच्या बाजूचा खर्च रेहमेट यांच्या कित्येक पट. या माहितीवर कुणी रेहमेट यांना ३५ सेंट दिले असते तर ते वेडेपणाचं म्हणता आलं नसतं. (हा ३५ चा आकडा मी समजावण्यासाठी धरलाय, कुठल्या पडद्यावरून उचललेला नाही.)

रेहमेट साधारण ५७ विरुद्ध ४३ टक्क्यांनी जिंकले. हवाई दलात काम केलेला, कामगार संघटनेचा नेता असलेला मेकॅनिक. पडलेली एकूण मतं एक लाखाला पोचली नाहीत, आणि मतदारसंघ सव्वानऊ लाखांच्या वरचा.

यावर दोन उलट-सुलट प्रतिक्रिया येतात. एक, ३५ टक्केवाला जिंकला म्हणजे ३५ हा भाव चुकीचा. हे बरोबर नाही. ३५ टक्के म्हणजे अशा शंभर लढतींत पस्तीस वेळा हे व्हायचंच आहे. एका निकालावरून भाव बरोबर की चूक ते कळत नाही. मात्र दुसरी बाजूही धरायला हवी : ‘आम्ही शून्य थोडंच म्हटलं होतं’ असं म्हणत बाजाराला कायम सुटताही येतं. भावांची परीक्षा घ्यायची तर ३५ च्या आसपासच्या शेकडो लढती गोळा करून त्यातल्या किती खरंच फिरल्या हे मोजावं लागतं. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक चार वर्षांतून एकदा येते, आणि राज्य सिनेटच्या लढती भरपूर असल्या तरी त्यांच्यावर गंभीर सौदे होणाऱ्या मोजक्याच.

आणि खरी माहिती असलेल्याला काही धागे दिसत होतेच. जानेवारी २०२५ मध्ये आयोवात डेमोक्रॅट माइक झिमर यांनी सिनेटची रिपब्लिकन जागा घेतली होती. मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, ट्रम्प १५ टक्क्यांनी पुढे असलेल्या मतदारसंघात, जेम्स मलोन सुमारे पाचशे मतांनी निवडून आले. ऑगस्टमध्ये पुन्हा आयोवात कॅटलिन ड्रे जिंकल्या आणि तिथल्या सिनेटमधलं रिपब्लिकनांचं दोन-तृतीयांश बहुमत मोडलं. पोटनिवडणुकीत मतदार थोडे येतात, आणि सत्तेतल्या पक्षावर चिडलेले जास्त हट्टाने येतात, हे त्या वर्षभर दिसत होतं. हे गणित पैशापेक्षा पायपिटीतून आणि जुने निकाल चाळून कळतं.

कुणी मुद्दाम भाव फिरवला तर?

अर्थशास्त्रज्ञांचं ठरलेलं उत्तर असं, की फिरवणारा स्वतःच बुडतो. त्याने भाव खोटा चढवला की बाकीचे स्वस्तातली उलटी बाजू उचलतात आणि भाव जागेवर येतो. २०१२ मध्ये इंट्रेड या आयर्लंडमधल्या बाजारात एक जण रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांच्यावर सतत पैसा ओतत राहिला आणि काही दशलक्ष डॉलर गमावून बसला. पण त्या काळात इंट्रेडवर रॉम्नी यांचा भाव बाकी ठिकाणांपेक्षा वर टिकून होता, हेही खरं. त्याचा हेतू नफा होता की ‘लढत अजून चुरशीची आहे’ असं चित्र उभं करणं होतं, यावर अभ्यासक वाद घालतात.

भाव फिरवण्याचा अमेरिकी इतिहासातला गाजलेला किस्सा नेमका कांद्याचाच आहे, आणि तो खरा आहे. १९५५ मध्ये व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगल या दोघांनी शिकागोतला जवळपास सगळा कांदा आणि त्याचे वायदे ताब्यात घेतले. मग भाव पडण्यावर पैसा लावून साठा बाजारात ओतला. ऑगस्ट १९५५ मध्ये ५० पौंडांच्या गोणीला २.७५ डॉलर मिळत होते. मार्च १९५६ मध्ये १० सेंट. रिकामं पोतं आतल्या कांद्यापेक्षा महाग झालं. शेतकरी रस्त्यावर यायची वेळ आली, आणि मिशिगनचे तेव्हाचे खासदार जेराल्ड फोर्ड यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये कायदा झाला. तेव्हापासून अमेरिकेत कांद्याच्या वायद्यांवर बंदी आहे ती आजतागायत. म्हणजे आज तिथे सिनेटरचा वायदा करता येतो, कांद्याचा नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं.

कांदा त्यांच्या तावडीत का सापडला? कारण तो बाजार दोन माणसांच्या आवाक्यात येण्याएवढा लहान होता. राज्य सिनेटच्या जागेवरचा बाजार त्याहून कितीतरी लहान. काही हजार डॉलरमध्ये भाव ३५ वरून ५० वर नेता येत असेल तर प्रचारयंत्रणेच्या दृष्टीने ती जाहिरातीपेक्षा स्वस्त बातमी आहे. ‘बाजारातही आपण पुढे’ असा मेसेज देणगीदारांना गेला, कार्यकर्त्यांत हुरूप आला, की लावलेले पैसे बुडाले तरी वसूल. असं प्रत्येक ठिकाणी होतं असं मी म्हणत नाही. करायचं ठरवलं तर अडवणारं फारसं कुणी नाही, एवढंच.

आतली बातमी असलेल्यांचं काय?

छोट्या लढतीत उमेदवाराच्या अवतीभवतीच्या दहा-वीस जणांना बाहेरच्यांपेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं : पक्षाची गुप्त चाचणी, उद्या येणारं प्रकरण, कोण माघार घेणार. कालशीच्या नियमांत उमेदवाराने स्वतःच्या लढतीवर सौदा करायला मनाई आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये कंपनीने कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या एका उमेदवाराला दंड करून पाच वर्षांची बंदी घातली. त्याने स्वतःवर सुमारे २०० डॉलर लावले होते. ब्रिटनमध्ये २०२४ साली पंतप्रधान ऋषी सुनक यांचे निकटचे सहकारी खासदार क्रेग विल्यम्स यांनी निवडणूक जुलैत होईल यावर, ती जाहीर होण्याआधी तीन दिवस, १०० पौंड लावल्याचं उघड झालं आणि पक्षाला प्रचाराच्या ऐन मध्यावर तोंड लपवावं लागलं. रक्कम किरकोळ असली तरी अशा माणसाने काय माहीत असताना पैसे लावले, हा प्रश्न उरतोच.

कालशीवर ओळखपत्र द्यावं लागतं, त्यामुळे माणूस निदान सापडतो. पॉलिमार्केटच्या आंतरराष्ट्रीय बाजारात क्रिप्टोच्या पाकिटातून व्यवहार होतात. जानेवारी २०२६ मध्ये व्हेनेझुएलाच्या निकोलस मादुरो यांना अमेरिकेने पकडलं, त्याच्या थोडंच आधी एका नव्या खात्याने मादुरो सत्तेवरून जातील यावर पैसे लावले होते. त्याला सुमारे ४ लाख डॉलर मिळाले.

निकाल लागला हे ठरवतं कोण?

हे कुणी वाचत नाही, आणि वाद इथेच होतात. प्रत्येक कराराखाली बारीक अक्षरात नियम असतात : उमेदवाराच्या नावावर पैज आहे की पक्षाच्या, फेरमोजणी झाली तर काय, प्रमाणपत्र मिळाल्यावर पैसे द्यायचे की वृत्तसंस्थेने विजयी घोषित केल्यावर, उमेदवार मध्येच बाजूला झाला तर काय. पाचशे मतांनी ठरणाऱ्या लढतीत या ओळींना भावाइतकंच महत्त्व येतं. जुलै २०२५ मध्ये पॉलिमार्केटवर ‘युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सूट घालतील का’ अशा प्रश्नावर २० कोटी डॉलरहून जास्त उलाढाल झाली होती. त्यांनी जे घातलं त्याला अनेक वृत्तसंस्थांनी सूट म्हटलं, निकाल मात्र ‘नाही’ असा लागला. तो ठरवला क्रिप्टो टोकन धारण करणाऱ्यांच्या मतदानाने.

हे आपल्याकडे येईल का?

थोडंसं येऊन गेलं. ‘ओपिनियन ट्रेडिंग’ या नावाने प्रोबोसारखी ॲप्स क्रिकेटपासून राजकारणापर्यंत ‘हो-नाही’चे सौदे देत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन प्रकार बंद झाले आणि ही ॲप्सही गेली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सट्टा बंद झाला असं अर्थातच नाही. राजस्थानातल्या फलोदीचे भाव प्रत्येक निवडणुकीत मराठी वाहिन्यांवर झळकतात. मुंबईला तर ही परंपरा शिकवायची गरजच नाही; मटक्याची सुरुवातच न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर पैसे लावण्यातून झाली.

आपल्याकडे यात एक वेगळी अडचण आहे जी अमेरिकेत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार शेवटच्या टप्प्याचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक सात टप्प्यांत, १९ एप्रिल ते १ जून अशी चालली. या काळात एखादा कायदेशीर, उघडा बाजार सुरू असता तर पहिल्या टप्प्यात विदर्भात मतदान झाल्या संध्याकाळी तिथल्या जागांचे भाव हलले असते. बूथवरून माहिती असलेल्यांनी सौदे केले असते, आणि मुंबईचा मतदार २० मे ला रांगेत उभा राहायच्या महिनाभर आधी ते आकडे टीव्हीवर आले असते. त्यांना एक्झिट पोल म्हणायचं की नाही, हे आधी निवडणूक आयोगाला आणि मग कोर्टाला ठरवावं लागलं असतं.